पोशाख उलटा करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डोंबिवलीला राहता, चार वर्षं ड्रॅग करता, म्हणजे बाईचा भडक, अतिशयोक्त वेश करून रंगमंचावर उभे राहता, आणि या चार वर्षांत चौदा पोशाख स्वतः बेतून शिवलेत. फोर्टमधल्या एका छोट्या गॅलरीनं ऑगस्टमध्ये आठवडाभरासाठी अठरा बाय बावीस फुटांची खोली देऊ केलीय. मॅनेक्विन भाड्यानं आणून चौदाच्या चौदा पोशाख ओळीनं लावायचे, भिंतीवर तुमचे आणि मित्रांचे फोटो आणि दाराशी बालगंधर्वांचा उल्लेख असलेली प्रस्तावना, असा बेत आहे. पण लोक ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणून हसतील ही धाकधूकही आहे. हे कला म्हणून दिसावं यासाठी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं कपडेपट करतेय. गिरगावात साहित्य संघाच्या विंगेत इस्त्री घेऊन उभी राहण्यापासून सुरुवात झाली, मग लावणीचे कार्यक्रम आले, आणि गेली आठ-नऊ वर्षं ड्रॅग करणाऱ्या मुलांचे कपडे शिवते. गॅलरीत माझं काम चारदा लागलं. त्यातलं पहिलं साफ फसलं. आज तुम्ही जे करायला निघालात नेमकं तेच मी तेव्हा केलं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

त्या वेळी मी नऊ मॅनेक्विन भाड्यानं आणली होती, दुकानात साडी नेसवून ठेवतात तसली. त्यांचा खांदा साडेचौदा इंच. ज्याच्यासाठी कपडे शिवले होते त्या कलाकाराचा साडेसतरा. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागला तेव्हा मागून टाचण्या मारून आवळला. नितंबांचे पॅड कलाकाराच्या बॅगेतच राहिले होते, त्यामुळे कमरेखालचा घेर ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. उद्घाटनाला आलेल्या एका काकूंनी माझ्या सगळ्यात जिवाच्या पोशाखाचा काठ दोन बोटांत धरून विचारलं, “हा केवढ्याला? एक्सएलमध्ये मिळेल?” मी तेव्हा फणकारले. घरी जाताना चर्चगेटपासून दादरपर्यंत विचार केला आणि कळलं की काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. मी हिंदमाताच्या दुकानाची काच मांडली होती, त्या गिऱ्हाईक झाल्या.

म्हणून ‘ही कला आहे का’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याचं उत्तर भिंतीवर लिहून कुणाला पटत नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. नाटकाच्या पोशाखातून माणूस बाहेर आला तरी पोशाख बऱ्यापैकी उभा राहतो, कारण तो मुळात असलेल्या शरीरावर शिवलेला असतो. ड्रॅगमध्ये कंबर, नितंब, छाती, उंची यातलं अर्धंअधिक पोशाखानंच बनवलेलं असतं. माणूस बाहेर आला की त्याच्याबरोबर ते शरीरही जातं. मागे उरतं ते कापड, आणि कापड बघायला लोक मंगलदास मार्केटात जातात. तुम्हाला मांडायचंय ते घडवलेलं शरीर. पोशाख ही त्याची अर्धी बाजू आहे.

आता बालगंधर्वांबद्दल. आपल्याकडे पुरुषानं बाईचं काम करणं नवं नाही हे सांगायला प्रत्येक जण तिथेच जातो. जा, पण नीट जा. नारायण श्रीपाद राजहंस १८८८ साली जन्मले, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. खरे शालू, खऱ्या पैठण्या, उंची अत्तरं यांवरचा त्यांचा खर्च सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांचं नेसणं-सजणं पाहून घरंदाज बायका तशी नक्कल करायच्या हेही. त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच होता, आतला पुरुष प्रेक्षकाला विसरायला लावायचा. शिवण दिसता कामा नये. तमाशातल्या नाच्याचं उलट, त्याच्यातला पुरुष दिसत राहतो आणि गंमत त्यातच असते. आमच्या कोकणातल्या दशावतारातला स्त्रीपार्टी या दोघांच्या मधे कुठेतरी. रात्री दमयंती म्हणून रडवणारा माणूस सकाळी बैल घेऊन शेतावर जाताना सगळा गाव बघतो.

ड्रॅगचं या तिघांपेक्षा निराळं आहे. भुवई कपाळाच्या मध्यावर काढायची, नितंब दोन वितींनी वाढवायचे, पापण्या अशा की मिटल्या तर वारा लागावा. इथे कुणालाच फसवायचं नसतं. मराठीत ‘बनावट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, घडण आणि खोटेपणा. ड्रॅग ते दोन्ही एकाच वेळी करतं आणि वर तोरा मिरवतं. तेव्हा प्रस्तावनेत बालगंधर्वांना ‘आमचे पूर्वज’ म्हणून टाकू नका. त्यांनी काय लपवलं आणि तुम्ही काय दाखवता, हा फरक दोन ओळींत लिहा. तुमच्या मांडणीची किल्लीही त्यातूनच मिळेल. लपवलं की ड्रॅग मेलं.

म्हणून पहिलं काम सांगते. चौदापैकी जो पोशाख आतून सगळ्यात भयंकर आहे तो उलटा करून लावा.

हे मी चेष्टेत सांगत नाहीये. माझ्या तिसऱ्या प्रदर्शनात एक जांभळा गाऊन मी अस्तर बाहेर करून उभा केला होता. बाहेरून तो कटदाणा (नळीसारखे बारीक मणी) आणि सिताऱ्यांनी लखलखणारा, मोराच्या मानेसारखा. आतून मात्र कॉर्सेटच्या, म्हणजे कंबर आवळणाऱ्या आतल्या चोळीच्या, हाडांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातल्या केबल टाय, वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, जाड, काळ्या, टोकं मेणबत्तीवर वितळवून गोल केलेली. बकरमचे, म्हणजे आतल्या कडक कापडाचे, दोन थर. जुन्या ब्राचे कप कापून बसवलेले, एका कपावर धोब्याची खूण तशीच. हुकांच्या सहा रांगा, कारण कलाकार सणावारी जाड होतो आणि परीक्षेत बारीक. डाव्या कुशीत गंजलेली सेफ्टीपिन, जी एका प्रयोगात घाईघाईनं मारली आणि पुन्हा कुणी काढलीच नाही. गळ्याच्या पट्टीला आतून फाउंडेशनचा विटकरी डाग, आणि पाठीवर घामाचा पांढुरका नकाशा, मिठाच्या कडांसकट. लोक त्या एका पोशाखापुढे जेवढा वेळ थांबले तेवढे सुलट्या कुठल्याच पुढे थांबले नाहीत. एक म्हातारे गृहस्थ चष्मा वर करून केबल टाय मोजत होते. ते गिरणीत फिटर होते. “हे डोकं चांगलं चालवलंय,” म्हणाले. इतकी वर्षं झाली, यापेक्षा चांगली समीक्षा मला मिळालेली नाही.

डाग धुवायचे की नाहीत, हे मात्र तुमच्यावर आहे. वापराच्या खुणा ही वस्तूची हकीकत असते, संग्रहालयंसुद्धा त्या सरसकट पुसत नाहीत. मी ठेवते. पण डाग वेगळा आणि बुरशी वेगळी. बुरशी असेल तर तो पोशाख प्रदर्शनातून बाद. त्याच्याकडे नंतर येते.

दुसरं काम पुतळ्यांचं. भाड्याची मॅनेक्विन रद्द करा आणि स्वतःचंच शरीर बनवा. जुना, वाया गेला तरी चालेल असा अंगाबरोबरचा लांब टी-शर्ट घाला, खाली जुनी लेगिंग, आणि मित्राला सांगा मानेपासून मांडीपर्यंत डक्ट टेप गुंडाळायला. आधी छातीखाली आणि कमरेला आडवे पट्टे, मग खांद्यावरून तिरके, आणि त्यावर उलट दिशेनं दुसरा थर. माझ्या हिशेबानं दोन मोठी रिळं आणि पाऊण तास लागतो. पंख्याखाली उभे राहा, गुडघे ताठ धरू नका, थोडं खाऊन घ्या. माझ्याकडे एक पोरगा पस्तिसाव्या मिनिटाला घेरी येऊन शिलाई मशीनवर आडवा झाला होता. झालं की पाठीच्या कण्यावरून बोथट टोकाच्या कात्रीनं सरळ कापा, बाहेर या, चीर टेपनं बंद करा, आत उशीत भरतात तो पॉलिस्टरचा फायबर ठासून भरा आणि वरून धुतलेलं होजिअरीचं कापड ताणून शिवा. उभं करायला नळाच्या दुकानातला पाऊण इंची जीआय (लोखंडी) पाइप आणि खाली लाकडी पाटावर तो बसवायची चकती, फ्लँज. पाट जड हवा, नाहीतर घेरदार पोशाख एका बाजूला कलतो.

हे दोनदा करा. एकदा पॅडशिवाय, तुम्ही जसे आहात तसे. एकदा पॅड, कॉर्सेट सगळं चढवून. दोन्ही धडं शेजारीशेजारी उभी करा, नागडीच. पोशाख नको, विग नको. बघणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळेल की इथे कशाबद्दल बोलणं चाललंय. माझं मत विचाराल तर तुमच्या प्रदर्शनातली सगळ्यात महत्त्वाची जोडी हीच असेल, आणि तिच्यावर एकही चमकती टिकली नाही.

उंचीचा हिशेब विसरू नका. तुम्ही पाच फूट आठ इंच, सहा इंचांची टाच, आठ इंचांचा विग, म्हणजे जवळजवळ सहा फूट दहा इंचांची बाई होते. प्रेक्षकाला तिच्याकडे मान वर करून बघावं लागायला हवं. धडं तुमच्या चपलेतल्या उंचीला उभी केलीत तर सगळा रुबाब गेला. पण वरून पुन्हा दोन फुटी चौथरा देऊ नका. त्यानं देवीची मूर्ती होते, आणि पाया पडायला वाकलेला माणूस शिवण बघत नाही.

पॅडबद्दल एक इशारा. सोफ्याच्या फोममधून नितंब कापतात हे तुम्हाला माहीतच आहे. दोन इंची फोम, पेरूच्या फोडीसारखा आकार, कडा कात्रीनं तासत तासत इतक्या पातळ करायच्या की चार टाइट्सच्या आत कुठे संपतो ते कळू नये. तो पॉलियुरेथेन फोम स्वतःहूनच, दमट हवेत तर लवकर, खराब व्हायला लागतो. आधी पिवळा पडतो, मग चिकट होतो, मग चुरा. चार वर्षं घामात भिजलेले जुने पॅड गाऊनच्या आत आठवडाभर ठेवलेत तर रेशमाला कायमचा पिवळा डाग पडू शकतो. पुतळ्यावर पोशाखाखाली नवीन फायबर भरा. जुने पॅड मात्र फेकू नका, तेच वेगळे मांडा, काचेखाली, एखाद्या अवयवासारखे. त्यांच्यावर कात्रीच्या खुणा दिसतात आणि त्या फार बोलक्या असतात.

आता तुम्ही विचाराल की जगात हे कुणी केलंय का. लंडनमध्ये १९८८ च्या ऑक्टोबरात ली बावरी नावाच्या कलाकारानं अँथनी डॉफे गॅलरीत आठवडाभर एकतर्फी आरशाच्या मागे स्वतःलाच मांडलं, रोज नव्या पोशाखात. लोकांना तो दिसायचा, त्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब. पोशाखाचा आणि माणसाचा प्रश्न त्यानं माणूस आतच ठेवून सोडवला. तो १९९४ च्या शेवटच्या दिवशी गेला, आणि २०२५ मध्ये लंडनच्याच टेट मॉडर्न संग्रहालयानं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, अर्थातच त्याच्याशिवाय. अमेरिकेतल्या निक केव्हनं १९९२ मध्ये वाळक्या काटक्यांचा एक अंगरखा बनवला, पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेल्या मारहाणीनंतर. घालून हलला तर तो वाजला, म्हणून पुढे त्या सगळ्या मालिकेलाच ‘साउंडसूट’ हे नाव पडलं. ते पोशाख आतल्या माणसाचं लिंग, वर्ण सगळं झाकतात आणि गॅलरीत शिल्पासारखे उभे राहतात. आणि आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी नव्वदीपासून स्वतःच वेश करून काढलेले फोटो गॅलरीत लावलेत. त्यांतली ‘फँटम लेडी’ची मालिका तर मुंबईतच घडते. तिथे पोशाख कुठेच टांगलेला नसतो, फोटो हीच कलाकृती असते.

म्हणजे जिवंत माणूस, शिल्प आणि फोटो असे तीन रस्ते झाले. तुमच्याकडे एक आठवडा आणि एक खोली आहे, रोज आठ तास आत उभं राहणं नोकरी सांभाळून जमणार नाही. म्हणून मी शिल्पाचा रस्ता सांगतेय. नोकरी नसती आणि खोली मोठी असती तर वेगळं सांगितलं असतं.

प्रकाश आणि अंतर यावर जरा थांबते, कारण रंगमंचावरून आलेल्या सगळ्यांची फसगत इथेच होते. आम्ही कपडेपटवाले शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी शिवतो. साठ फुटांवरून ग्लू गनचा ओघळ दिसत नाही. गॅलरीत माणूस दोन फुटांवर येतो आणि पहिल्यांदा ओघळच बघतो. तो झाकायचा की मिरवायचा हे प्रत्येक पोशाखाला वेगळं ठरवा, पण ठरवा. निम्मा झाकलेला, निम्मा उघडा असा पोशाख नुसता गबाळा दिसतो. दुसरं म्हणजे टिकली. ती चमकते कारण कलाकार हलतो, आणि गॅलरीत कुणीच हलत नाही. मग बघणाऱ्याला हलवा. पोशाख भिंतीला चिकटवू नका, खोलीच्या मधे ठेवा, म्हणजे माणसाला भोवती फिरावं लागेल. एकच लहान स्पॉट तीस अंशांच्या आसपास तिरका टाका, समोरून मारू नका. समोरून मारला की सगळी जर सपाट पत्र्यासारखी दिसते. मी एकदा घेराच्या मागे जमिनीवर छोटा टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर ठेवला होता. काठ श्वास घेतल्यासारखा हलत होता आणि कटदाणा पावसाच्या थेंबांसारखा वाजत होता. स्वस्त आणि गुणकारी.

गॅलरीवाले तुम्हाला ‘कापडावर पन्नास लक्सच्या वर नको’ असं सांगतील. लक्स हे प्रकाश मोजायचं माप. नियम बरोबर आहे, पण तो मुख्यतः महिनोन्महिने मांडलेल्या वस्तूंसाठी आहे. प्रकाशाचं नुकसान साठत जातं. पन्नास लक्स, रोज आठ तास, वर्षभर म्हणजे सुमारे १,४६,००० लक्स-तास होतात. तुमचा आठवडा दोनशे लक्सनं काढला तरी ११,२०० होतात. तेव्हा अंधारात ठेवायचं कारण नाही. फक्त खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा हवाच, आणि तुमचा तो पोपटी निऑन पोशाख खिडकीपासून सगळ्यात लांब ठेवा. निऑन रंग सगळ्यात आधी उडतात.

ऑगस्ट म्हणालात, म्हणून हवा. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ऐंशीच्या वर सहज असते, कापडाला पन्नास-पंचावन्न मानवते. मला सगळ्यात महागात पडलेली चूक इथलीच आहे. दुसऱ्या प्रदर्शनात, तेही जुलैत, गॅलरी दिवसभर एसी वीसवर चालवायची आणि संध्याकाळी सातला सगळं बंद करून कुलूप. रात्री बाहेरची ओली हवा आत शिरायची आणि गार पडलेल्या जरीवर, हुकांवर दमट थर बसायचा. पाचव्या सकाळी तांब्याची जर काळपट झाली होती आणि काळ्या मखमलीवर पिठासारखे पांढरे ठिपके. मी ते वेड्यासारखे ओल्या फडक्यानं पुसले आणि बुरशी सगळीकडे पसरवली. तसं करू नका. वेगळं काढायचं, कोरड्या हवेत पूर्ण वाळू द्यायचं, मग मऊ ब्रशनं जाळीवरून व्हॅक्यूममध्ये झटकायचं, तोंडाला मास्क लावून. गॅलरीशी आत्ताच बोला. एसी दिवसा पंचवीस-सव्वीसवर आणि रात्री निदान पंखा किंवा हवेतली ओल शोषणारा भाड्याचा डीह्युमिडिफायर. ते नाही म्हणाले तर जरीचे पोशाख नेऊ नका, सुती आणि सिंथेटिक न्या. इथे हौस नको.

पोशाख नेताना हँगरवर नेऊ नका. तुमचा सहा-सात किलोचा गाऊन खांद्याच्या शिवणीवर लटकला की लोकलच्या लगेज डब्यातून सीएसएमटीला पोचेपर्यंत दोन बोटं लांबतो. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून आडवा, घड्यांच्या जागी गुंडाळलेलं कापड भरून न्यायचा. पुतळ्यावरही वजन खांद्यावर सोडू नका. आतून कमरेला सुती टेपचा पट्टा टाचा आणि भार कंबरेवर घ्या, तुमच्या अंगावर कॉर्सेट घेतो तसा.

लेबलांचं थोडक्यात. ‘स्त्रीत्वाच्या सीमारेषांचा शोध’ वगैरे लिहू नका, तो मजकूर कुठल्याही पोशाखाखाली चिकटवता येतो. लिहा वजन किती, किती तास लागले, कापड कुठून आणलं, पहिल्यांदा कुठे घातला, कुठे फाटला. मराठीत लिहा, इंग्रजी खाली. आणि आरीकाम, म्हणजे आकडीच्या सुईचं भरतकाम, कारखान्यात करून घेतलं असेल तर कारागिराचं नाव त्याला विचारून लिहा. माझा जांभळा गाऊन गोवंडीत अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, चार जणांनी नऊ दिवस भरला. ते चौघं प्रदर्शन बघायला आले, आपल्या नावाचा फोटो काढून घरी पाठवला, आणि एकानं मला शांतपणे दाखवलं की मी स्पॉट चुकीच्या बाजूनं लावलाय. दबक्याची, म्हणजे गुंडाळलेल्या जरीच्या तारेची, वळणं डावीकडून प्रकाश पडला तरच उठतात. बरोबर होतं. लगेच शिडी लावली.

उद्घाटनाला पोशाख घालून यायचं का? या, पण मांडलेल्यांपैकी नको. एकदा घाम आणि फाउंडेशन लागलं की तो आठवडाभर त्या हवेत पुतळ्यावर उभा राहणार. शेवटच्या दिवशी मात्र जरूर करा. एक पोशाख पुतळ्यावरून उतरवा आणि लोकांसमोर, खुर्चीत बसून, सावकाश चढवा. टेपच्या धडाशेजारी जिवंत माणूस त्याच शरीरात शिरतो, ते बघण्यासारखं असतं. निव्वळ नाचाचा कार्यक्रम ठेवलात तर लोक नाच बघतील आणि भिंतीला टेकून मोबाईल धरतील.

फोटोंचं मात्र जपून. तुमच्या बेतात मित्रांचेही फोटो आहेत असं दिसतं. कलम ३७७ वरच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कायद्यानं बरंच मोकळं झालं, पण घरं एका निकालानं मोकळी होत नाहीत. ज्याचा चेहरा भिंतीवर जाणार त्याची लेखी संमती घ्या आणि ड्रॅगचं नाव लावायचं की खरं हे त्यालाच ठरवू द्या. शंका असेल तर चेहरा वगळून मान, हात, काठ यांचे फोटो लावा. आणि हिजडा समाजाचा वेश ‘प्रेरणा’ म्हणून वापरला असेल तर तो पोशाख या वेळी घरीच ठेवा. त्यांचं जगणं आणि तुमचं सोंग यांच्यातला फरक एका लेबलात सांगता येत नाही.

राहता राहिली संख्या. अठरा बाय बावीसच्या खोलीत घेरदार पोशाख आणि भोवती फिरायला जागा धरली तर धडं धरून पाचच मांडा, सहावं अडचण. दोन नागडी धडं, एक उलटा गाऊन, दोन सुलटे. बस. उरलेल्या अकरांचे कापडाचे तुकडे एका फळीवर चिकटवून दाराशी ठेवा आणि वर लिहा, ‘हात लावा’. लोकांना हात लावायचाच असतो. काठ धरणाऱ्या काकू तिथे रमतील आणि तुमचे गाऊन वाचतील.

गॅलरीच्या दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण मोजून कळवा. मागे एकदा अठ्ठावन्न इंच रुंद घेराचा सांगाडा घेऊन मी तेहेतीस इंची दारापुढे उभी होते, शेवटी वायर कापून आत नेला आणि फरशीवर बसून रात्री दोनपर्यंत पुन्हा जोडला. रात्री एसी चालू ठेवतात का तेही विचारा. त्या दोन गोष्टी कळल्या की सुलट्यांपैकी कोणते दोन घ्यायचे ते सांगते. चौदाही पोशाखांचे आतल्या बाजूचे फोटो पाठवा, बाहेरचे नकोत.